उघडलेले दार आणि अडलेली वाट

हृदयविकार हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय घरात एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, सुटलेले पोट, कचेरीतील ताणतणाव, छातीत अचानक उठलेली कळ आणि मग अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास या शब्दांची आवर्तने. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. या चौकटीच्या बाहेर आपल्या देशात आणखी एक हृदयविकार पिढ्यान्‌पिढ्या वावरतो आहे. तो रक्तवाहिन्यांचा नाही, हृदयाच्या झडपांचा आहे. तो सुबत्तेतून आलेला नाही; दाटीवाटीच्या घरांतून, ओलसर खोल्यांतून आणि दुर्लक्षित घसादुखीतून आलेला आहे. त्याचा बळी साठीचा गृहस्थ नसतो. शाळेत जाणारा मुलगा, नुकतीच लग्न होऊन सासरी आलेली मुलगी, शेतावर राबणारा तरुण मजूर हे त्याचे बळी असतात. आणि गंमत अशी, की या विकारावर शस्त्रक्रियेविना उपचार करणारी एक विलक्षण पद्धती गेली चाळीस वर्षे उपलब्ध आहे, तिच्या जडणघडणीत भारतीय डॉक्टरांचा व भारतीय रुग्णांचा मोठा वाटा आहे. तरीही ज्याच्यासाठी ती निर्माण झाली त्याच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही. दार उघडलेले आहे. वाट मात्र अडलेली आहे.

या विकाराचे मूळ समजून घ्यावयास हवे. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे लहान मुलांचा घसा सुजतो. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. परंतु काही मुलांच्या शरीरात एक विपरीत घटना घडते. जिवाणूशी लढण्यासाठी उभी राहिलेली शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू आणि स्वकीय यांतील भेद विसरते व स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला चढवते. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. पाच ते पंधरा वर्षे हे त्याचे मुख्य वय. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजतात आणि बरेही होतात. पालक निःश्वास टाकतात. पण सांध्यांना नुसता स्पर्श करून जाणारा हा ताप हृदयाला मात्र दंश करून जातो. आणि तो एकदा येऊन थांबत नाही. प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर तो पुन्हा येऊ शकतो आणि प्रत्येक वेळी झडपेची हानी वाढवतो.

हृदयाच्या डाव्या बाजूस कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये जी द्विदल झडप असते, तिला वैद्यकात मिट्रल झडप म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात ही झडप पूर्ण उघडली की तिचे क्षेत्रफळ चार ते सहा चौरस सेंटिमीटर भरते. ऱ्हुमॅटिक तापाच्या वारंवार आघाताने तिची दले जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींस चिकटतात आणि हे रुंद दार हळूहळू फट बनून राहते. क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले की विकार गंभीर समजला जातो. पुढे जाऊ न शकणारे रक्त कर्णिकेत आणि तिच्यामागे फुप्फुसात तुंबते. जिना चढताना लागणारी धाप, रात्री आडवे पडताच कोंडणारा श्वास, खोकल्यातून पडणारे रक्त ही सारी त्या तुंबलेल्या रक्ताची लक्षणे होत. कर्णिका ताणली जाऊन तिची लय बिघडते, तिच्यात रक्ताची गुठळी होते आणि ती गुठळी मेंदूत गेली तर ऐन तारुण्यात पक्षाघात ओढवतो. आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा फार लवकर, अगदी कोवळ्या वयात गंभीर रूप धारण करतो, ही गोष्ट सुजय बी. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ सालीच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगाच्या निदर्शनास आणून दिली होती.

चिकटलेले दार उघडावे कसे? लंडनचे सर लॉडर ब्रंटन यांनी १९०२ साली ही झडप शस्त्राने मोकळी करता येईल अशी सूचना केली, तेव्हा वैद्यकविश्वाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. हृदयाला हात लावणे हेच तेव्हा अविचाराचे लक्षण मानले जात असे. १९२५ साली हेन्री सूटर या इंग्रज शल्यचिकित्सकाने एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात आपले बोट घालून झडप चाचपली आणि रुंदावली. मुलगी वाचली. परंतु त्यानंतर एकाही डॉक्टरने सूटर यांच्याकडे तशा शस्त्रक्रियेसाठी दुसरा रुग्ण पाठवला नाही! काळाच्या पुढे चालणाऱ्या माणसाच्या वाट्यास येणारी ही उपेक्षा विज्ञानातही चुकलेली नाही. अखेर १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन आणि इंग्लंडमध्ये रसेल ब्रॉक यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा हाती घेतली व तिची उपयुक्तता सिद्ध केली.

स्वतंत्र भारताने हे कौशल्य फार लवकर आत्मसात केले, याचा अभिमान बाळगावयास हवा. ज्या देशात अन्नधान्याची चणचण होती, त्या देशातील मोजक्या रुग्णालयांत १९५०च्या दशकातच बोटाने झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. मुंबईचे के.ई.एम. आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही त्यांतील अग्रगण्य नावे. के.ई.एम.च्या ज्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले हृदयारोपण करण्याचे धाडस केले, ते काही आकाशातून अवतरले नव्हते. अशा शस्त्रक्रियांच्या दीर्घ तपश्चर्येतून ती परंपरा घडली होती. वेल्लोरच्या शल्यचिकित्सकांनी १९८३ साली एका पाठोपाठच्या ३,७२४ रुग्णांवरील या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जगात फारच थोड्या संस्थांच्या गाठी एवढा अनुभव असेल. अर्थात शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. छाती उघडावी लागे, भूल द्यावी लागे, दीर्घ विश्रांती घ्यावी लागे. हातावर पोट असलेल्या माणसाला आणि गर्भवती स्त्रीला हे सारे फार जड जाई.

येथे फुग्याची कथा सुरू होते. १९२९ साली वर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी आपल्या हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात जाऊन तिचे छायाचित्र काढून घेतले. त्या वेळी तो वेडेपणा ठरला. १९५६ साली त्यालाच नोबेल पारितोषिक मिळाले. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी नळीच्या टोकावरील छोट्या फुग्याने रुंदावली. १९८२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील जीन कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतःच अरुंद असलेली फुप्फुसाकडील झडप फुग्याने उघडल्याचा वृत्तांत दिला. जन्मजात दोष असलेल्या कित्येक बालकांची शस्त्रक्रिया त्यामुळे टळली. आणि त्याच १९८२ साली जपानचे शल्यचिकित्सक कांजी इनोऊए यांनी मिट्रल झडपेसाठी स्वतः तयार केलेला फुगा प्रथम वापरला. हे इनोऊए स्वतः शस्त्रक्रिया करणारे. आपलेच शस्त्र अनावश्यक ठरावे अशी युक्ती त्यांनी शोधून काढली, हे विशेष.

या फुग्याची रचना पाहिली म्हणजे साधेपणात दडलेल्या प्रतिभेचे दर्शन घडते. रबराच्या थरांमध्ये विणलेली जाळी बसवून तो असा बनवला आहे, की तो एकदम फुगत नाही, तीन टप्प्यांत फुगतो. रुग्ण जागा असतो. जांघेतील शिरेपुरती भूल दिली जाते. तेथून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या कर्णिकेत जाते. दोन्ही कर्णिकांच्या मधील पडद्याला एका लांब सुईने छिद्र पाडून ती डाव्या कर्णिकेत उतरते आणि तिच्यावरून आलेला फुगा अरुंद झडपेतून पलीकडे जवनिकेत जातो. आता प्रथम फुग्याचा पुढचा भाग फुगतो आणि नळी मागे ओढताच तो झडपेत अडकून स्थिर होतो. मग मागचा भाग फुगतो. फुगा डमरूसारखा दिसू लागतो. शेवटी डमरूचा मधला, आवळलेला भाग फुगतो आणि चिकटलेल्या कडा नेमक्या त्यांच्या मूळ सांध्यावर मोकळ्या होतात. हे सारे काही सेकंदांत घडते. झडपेचे क्षेत्रफळ साधारणपणे एकावरून दोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. आकड्यांत हा फरक लहान वाटतो. पण ज्याला उशांची उतरंड रचून बसल्या बसल्या रात्र काढावी लागत होती, तो त्या रात्री आडवा होऊन झोपतो. छातीवर टाका नाही आणि एक-दोन दिवसांत रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो.

ही पद्धती जगाने स्वीकारावी यासाठी जे पुरावे लागले, त्यांतील कितीतरी भारतभूमीवर जमा झाले आहेत. १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लहान मुलांवरील व तरुणांवरील उपचाराचा जो गाजलेला वृत्तांत आला, त्यात अमेरिकेच्या जेम्स लॉक यांच्याबरोबर दिल्लीच्या एम. खलीलुल्ला, एस. श्रीवास्तव आणि व्ही. के. बहल यांची नावे होती. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये फुगा आणि शस्त्रक्रिया यांची रीतसर तुलना झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात तीन वर्षांनंतर फुग्याने उपचार झालेल्यांच्या झडपेचे सरासरी क्षेत्रफळ २.४, तर हृदय उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांचे १.८ चौरस सेंटिमीटर भरले. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाने २००२ साली ४,८५० रुग्णांचा अनुभव मांडला. परदेशी पाठ्यपुस्तकांतील शिफारशींच्या मुळाशी आपल्या देशातील अनाम, गरीब रुग्णांनी दिलेला विश्वास आहे. त्या विश्वासाचे ऋण फेडण्याची जबाबदारी मग कोणाची?

परंतु कौतुकाच्या भरात मर्यादांचे भान सुटता कामा नये. प्रत्येक झडप फुग्याने उघडता येत नाही. दले लवचीक असली, त्यांत चुन्याचे कण साचलेले नसले, तरच फुगा आपले काम चोख करतो. प्रतिध्वनिलेखन म्हणजे इको तपासणी करून झडपेला गुण दिले जातात. येथे गुण जितके कमी तितके यशाचे आश्वासन अधिक. कर्णिकेत गुठळी असेल किंवा झडप आधीच मोठ्या प्रमाणावर गळत असेल, तर फुगा वापरणे धोक्याचे. क्वचित दल फाटून गळती वाढते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फुगा दार उघडतो. दार जुने ते जुनेच राहते. काही वर्षांनी ते पुन्हा आकसू शकते. ज्यांच्या हृदयाची लय बिघडली आहे त्यांना रक्त पातळ ठेवणारे औषध आणि त्यासाठीची नियमित रक्ततपासणी चुकत नाही. नव्या महागड्या औषधाने ही कटकट टळेल अशी आशा होती. परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऱ्हुमॅटिक रुग्णांसाठी जुन्या, स्वस्त औषधाचाच गट सरस ठरला. म्हणजे उपचार एका दिवसाचा असला तरी निगराणी आयुष्यभराची आहे.

दुसऱ्या एका झडपेची कथा येथे बोधप्रद ठरेल. डाव्या जवनिकेतून महारोहिणीकडे रक्त जाते त्या दारावरील झडप वृद्धापकाळी चुना साचून कडक होते. फ्रान्सचे अ‍ॅलन क्रिबिए यांनी १९८५ साली तीही फुग्याने उघडून पाहिली. पण चुन्याने कडक झालेले दार काही महिन्यांतच पुन्हा आकसू लागले. क्रिबिए थांबले नाहीत. २००२च्या एप्रिल महिन्यात रूआँ येथे त्यांनी नळीतून नेऊन नवी झडपच बसवली. आज भारतातही वापी येथील मेरिल या कंपनीने बनवलेली अशी झडप परदेशी झडपांच्या तोडीची असल्याचे २०२४ सालच्या तुलनात्मक अभ्यासाने दाखवून दिले आहे. स्वदेशी संशोधनाची ही झेप आनंददायक आहे. याच क्रिबिए यांनी मिट्रल झडपेसाठी पुन्हा पुन्हा निर्जंतुक करून वापरता येईल असे धातूचे उपकरणही तयार केले होते, ते गरीब देशांतील रुग्णांचा खर्च वाचावा म्हणून. परंतु ज्या उपकरणाने जगात उद्योग उभा केला ते नवी झडप बसवण्याचे. बाजार कोणत्या झडपेकडे वळतो आणि कोणती झडप धर्मार्थ म्हणून मागे ठेवतो, याचे उत्तर यात दडलेले आहे. वृद्धांवर उपचार होऊ नयेत असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच, की ज्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य पडले आहे त्यांची झडप दुय्यम का ठरावी?

आकडे पाहिले तर हा प्रश्न अधिकच बोचतो. २०१५ सालच्या जागतिक अंदाजानुसार या विकाराचे सुमारे ३ कोटी ३४ लाख रुग्ण जगात होते आणि त्या एका वर्षात सुमारे ३ लाख १९ हजार माणसे त्याने दगावली. त्यांतील मोठा वाटा भारताचा होता. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ साली या विकाराविषयी स्वतंत्र ठराव केला. पण ठरावाने ताप उतरत नाही.

या विकाराचा सर्वांत करुण चेहरा स्त्रीचा आहे. मिट्रल झडप अरुंद होण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक. मुलगी दमते, मागे पडते. घर म्हणते, ‘अशक्तपणा आहे’. धाप लागते, घर म्हणते, ‘दमा असेल’. कोणी हृदयाचा विकार असल्याचे सांगितलेच तर ते लपवले जाते, कारण उद्या तिचे लग्न ठरावयाचे असते. आणि मग गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. फटीएवढ्या दारातून दीडपट रक्त जावे कसे? पाचव्या-सहाव्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरून तिला रुग्णालयात आणले जाते, तेव्हा विकाराचे नाव प्रथमच उच्चारले जाते. पोटावर शिशाचे संरक्षक आवरण घालून अशा गर्भवतीची झडप फुग्याने उघडता येते आणि माता व बालक दोघेही वाचू शकतात, हे भारतीय डॉक्टरांनी वारंवार दाखवून दिले आहे. पण हा उपचार विवाहापूर्वी व्हावयास हवा होता. मुलीचा विकार लपवणे ही कुलाची प्रतिष्ठा नव्हे, तो तिच्या जिवाशी केलेला खेळ आहे, हे घराघरांत निक्षून सांगण्याची वेळ आली आहे. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या समाजाने मातेच्या हृदयाचे ठोके निदान एकदा तरी ऐकावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

आणि खरे सांगावयाचे तर फुग्यापर्यंत जाण्याची वेळच येऊ नये. घसा सुजलेल्या मुलाला वेळेवर योग्य प्रतिजैविक मिळाले तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो. ताप एकदा येऊन गेला तरी दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतल्यास पुढचे आघात थोपवता येतात. हृदयाला इजा झालेली नसेल तर निदान पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, इजा झालेली असेल तर आणखी पुष्कळ वर्षे, आणि झडपेची हानी गंभीर असेल तर बहुधा जन्मभर हे व्रत चालवावे लागते. फुग्याने झडप उघडल्यानंतरही ते सुटत नाही. युगांडातील ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१-२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर आणखी आशा दाखवली. केवळ इकोमध्ये दिसणारा, अजून लक्षणे नसलेला विकार ज्यांच्यात होता, त्यांपैकी इंजेक्शन घेणाऱ्या मुलांत दोन वर्षांत तो ०.८ टक्के मुलांत बळावला; न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांत. दहापट फरक, आणि तो घडवणारे औषध अत्यंत अल्पमोली!

मग हे औषध मिळते काय? पेनिसिलिनची कथा महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नवस्वतंत्र राष्ट्राच्या स्वावलंबनाचे ते एक मानचिन्ह होते. पुढे स्वस्त चिनी मालाच्या लोंढ्यापुढे देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन बंद पडले आणि ज्या औषधावर लक्षावधी मुलांचे हृदय अवलंबून, त्याच्या कच्च्या मालासाठी आपण परावलंबी झालो. नफा कमी म्हणून उत्पादक थोडे आणि उत्पादक थोडे म्हणून जगभर टंचाई, असे हे दुष्टचक्र आहे. केंद्र सरकारने २०२० साली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना आणली आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडा जिल्ह्यात पेनिसिलिन-जीच्या मोठ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण स्वदेशी उत्पादनाची सार्थकता कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. दुर्गम पाड्यावरील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती कुपी असते की नाही, यावर ती ठरते. २०१७ साली स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली तेव्हा देशभर चर्चा झडली. पेनिसिलिनच्या कुपीसाठी असा आवाज कोणी उठवल्याचे ऐकिवात नाही. कारण ती ज्याला हवी त्याला आवाज नाही.

कुपी असली तरी ती टोचणारा हात कचरतो, ही दुसरी अडचण. पेनिसिलिनची तीव्र प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावेल, आपल्यावर बालंट येईल या भीतीने अनेक डॉक्टर इंजेक्शन देण्याचे टाळतात. अशी प्रतिक्रिया येऊ शकते हे खरे. परंतु ती अत्यंत विरळ आहे आणि तिला तोंड देण्याची औषधे व प्रशिक्षण प्रत्येक केंद्रात ठेवणे अशक्य नाही. एका विरळ धोक्यापायी निश्चित धोका पत्करणे याला सावधगिरी म्हणत नाहीत. तिसरी अडचण नोंदीची. कोणत्या गावात कोणत्या मुलाला हा ताप येऊन गेला, त्याचे पुढचे इंजेक्शन कधी, तो का आला नाही, हे सांगणारी वही असेल तरच हे व्रत टिकते. अटलजींनी १९९८ साली ‘जय जवान, जय किसान’ला ‘जय विज्ञान’ची जोड दिली; त्याच नावाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या विकारावर प्रकल्प राबवला. पंजाबच्या रूपनगर जिल्ह्यात अशी नोंदवही वर्षानुवर्षे चालवली गेली. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही. जमते, पण प्रकल्प संपला की वही मिटते. प्रकल्पाचे व्यवस्थेत रूपांतर करणे ही आपली जुनी अडचण आहे आणि तिचे खापर एकट्या सरकारवर फोडून भागणार नाही.

सरकारी योजना नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभच २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून झाला आणि त्यातील तपासणीच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ सालापासूनची आयुष्मान भारत योजना यांमुळे गरीब रुग्णाचा रुग्णालयातील मोठा खर्च आता शासन उचलते. पण तपासणी पथक शाळेत जाते. ज्या मुलीने शाळा सोडली तिच्या घरी कोण जाते? योजना एका दिवसाच्या उपचाराचे पैसे देते; पुढच्या वीस वर्षांच्या इंजेक्शनांची आठवण कोण देते? शिवाय कौशल्याचाही प्रश्न आहे. हृदयाच्या पडद्याला छिद्र पाडून फुगा नेण्याची कला पुस्तकातून येत नाही. ती गुरूच्या हाताखाली, रुग्णामागून रुग्ण हाताळूनच येते. सुखवस्तू शहरांतून हा विकार कमी होईल आणि तरुण डॉक्टरांचा ओढा स्टेंटकडे व महागड्या झडपांकडे वाढेल, तसतशी ही विद्या लोप पावण्याचा धोका आहे. ती टिकवण्याचे स्थान एकच, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये. तेथील कॅथलॅब चालू असणे, फुग्यांचा साठा असणे आणि शिकवणारे हात जागेवर असणे, ही चैन नसून राष्ट्रीय गरज आहे.

यापुढे प्रश्न उरतो तो समाजाचा. सेवावस्तीत संस्कारवर्ग चालवणारा कार्यकर्ता, वनवासी पाड्यावर आरोग्यरक्षक म्हणून जाणारा तरुण, शाळेतील शिक्षिका, महिला मंडळातील भगिनी यांना हृदयरोगतज्ज्ञ होण्याची आवश्यकता नाही. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ताप आणि घसादुखीनंतर ज्याचे सांधे एकामागून एक सुजले असे मूल दिसले, की ते डॉक्टरांकडे न्यावे. खेळताना सतत मागे पडणारी, जिन्यावर थांबणारी मुलगी दिसली, की तिची हृदयतपासणी होईल हे पाहावे. आणि ज्याला इंजेक्शन चालू आहे त्याची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी व त्या दिवशी त्याच्या दारी जावे. यासाठी निधी लागत नाही, सभागृह लागत नाही, फलक लागत नाही. लागते ती चिकाटी. मध्यमवर्गीय घरांनीही आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाची घसादुखी ही आपली बाब नाही असे मानू नये. त्या मुलाचा घसा आज बरा झाला, तर उद्या त्याच्या हृदयात फुगा घालण्याची वेळ येणार नाही.

सूटर यांनी शंभर वर्षांपूर्वी एका मुलीच्या हृदयाचे दार बोटाने उघडून दाखवले आणि मग ते दुसऱ्या रुग्णाची वाट पाहत राहिले. तो त्यांच्याकडे कधी पाठवलाच गेला नाही. आज हात सिद्ध आहेत, साधने आहेत, योजना आहेत, औषध आहे. उणीव आहे ती रुग्णाला बोट धरून तेथवर नेणाऱ्याची. विज्ञानाने आपले काम केले आहे. उरलेली वाट पायी चालण्याची आहे आणि ती समाजालाच चालावी लागेल.